बीमच्या डिफ्लेक्शनचा प्लॉट कोरा येतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६ मीटर स्पॅनचा सिम्प्ली सपोर्टेड (दोन्ही टोकांना नुसता टेकलेला) बीम, त्यावर मीटरला १० किलोन्यूटन यूडीएल, म्हणजे सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला भार, सेक्शन आय.एस.एम.बी. ३०० हा स्टीलचा प्रमाणित आय-आकार. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमध्ये डिफ्लेक्शनचं, म्हणजे बीम किती वाकतो त्याचं, सूत्र लिहून प्लॉट काढला, तर दोन अक्ष आले, रेषा आली नाही. मग तुम्ही डिफरन्शियल समीकरण एनडीसॉल्व्हने, म्हणजे समीकरण आकड्यांनी सोडवणाऱ्या आज्ञेने, सोडवून पाहिलं. तो प्लॉटही कोरा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालवलं. सगळीकडे तेच. एरर आलीच नाही, फक्त ‘सुरुवातीला कधीतरी एक लाल ओळ येऊन गेली’ असं तुम्ही लिहिलं आहे.

उत्तर त्या लाल ओळीतच आहे. तिच्याकडे येतो, पण आधी तुम्ही शोध कुठे घेतलात त्याबद्दल बोलतो, कारण वेळ तिथे गेला. प्लॉट कोरा दिसला की बहुतेक जण चित्राकडे वळतात: रंग बदलून बघ, खिडकी मोठी कर, ड्रायव्हर बदल. गेली वीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना संगणकावर स्ट्रक्चर शिकवतो आहे. कोरे प्लॉट शेकड्यांनी पाहिले असतील, आणि त्यात ग्राफिक्स कार्डाचा दोष निघाल्याचं मला एकदाही आठवत नाही. प्लॉट हा साखळीतला शेवटचा माणूस असतो. त्याला बिंदू दिले तर तो जोडतो, नाही दिले तर अक्ष काढून थांबतो. म्हणून प्लॉटला हात लावण्याआधी सूत्राकडे एकच आकडा मागायचा.

तुमच्या बीममध्ये तो आकडा मिडस्पॅनचा, म्हणजे बीमच्या मध्याचा. टोकापासूनचं अंतर म्हणजे एक्स, त्याची किंमत ३ घाला आणि सूत्र काय देतं ते बघा. हा आकडा हाताने काढता येतो, हीच त्याची मोठी सोय आहे. पाच भागिले तीनशे चौऱ्याऐंशी, गुणिले डब्ल्यू एलचा चौथा घात, भागिले ई आय. भार डब्ल्यू १०,००० न्यूटन प्रति मीटर, स्पॅन एल ६ मीटर, स्टीलचा मॉड्युलस (ताठरपणा) ई २०० गिगापास्कल, सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया आय ०.००००८६ मीटरचा चौथा घात. उत्तर ०.००९८ मीटर, म्हणजे सुमारे ९.८ मिलिमीटर. ६ मीटरच्या स्टील बीमला एवढा वाक पटण्याजोगा आहे. आता तुमच्या मॅथेमॅटिकात तेच विचारा. मी तुमचा कोड एक छोटी दुरुस्ती करून (ती पुढे सांगतो) चालवला तेव्हा उत्तर आलं: उणे ६२०७९.७ आय.

तो शेवटचा आय म्हणजे तुमचा मोमेंट ऑफ इनर्शिया नव्हे. तो उणे एकचं वर्गमूळ आहे.

मॅथेमॅटिकात कॅपिटल ई म्हणजे २.७१८२८ आणि कॅपिटल आय म्हणजे काल्पनिक एकक. दोन्ही नावं आधीपासून राखीव आहेत. तुम्ही पहिल्या ओळीत ई बरोबर दोनशे अब्ज लिहिलंत, तेव्हा त्याने लाल अक्षरांत सांगितलं की हे चिन्ह संरक्षित आहे, बदलता येणार नाही. आयच्या वेळीही हेच सांगितलं. फसवणारी गोष्ट अशी की त्या संदेशाच्या खाली २००००००००००० हा आकडा मात्र छापून येतो, जणू किंमत स्वीकारली गेली. उजव्या बाजूची किंमत परत देणं ही त्या आज्ञेची पद्धत आहे, नेमणूक झाली असो वा नसो. नवीन माणूस खालचा आकडा बघतो आणि पुढे जातो. तुमचंही तेच झालं असणार, आणि त्यात तुमची चूक मी फार मोठी मानत नाही.

म्हणजे तुमच्या डिफ्लेक्शनच्या सूत्रात छेदात असलेल्या चोवीस ई आयच्या जागी चोवीस गुणिले २.७१८ गुणिले काल्पनिक एकक बसलं. सूत्रातली प्रत्येक किंमत शुद्ध काल्पनिक झाली. प्लॉट फक्त वास्तव संख्या जोडतो, बाकीचे बिंदू न बोलता सोडून देतो. सगळेच बिंदू सोडले, म्हणून पान कोरं. पूर्वी प्लॉट याबद्दल तक्रार करायचा. २००७ साली सहावी आवृत्ती आली, त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत अमुक बिंदूला वास्तव संख्या मिळाली नाही असा स्पष्ट संदेश यायचा. सहाव्या आवृत्तीपासून तो गप्प झाला. सूत्र काही भागात निरर्थक असलं तरी उरलेल्या भागाचं चित्र स्वच्छ यावं म्हणून असेल. अनुभवी माणसाला ते बरं पडतं, शिकणाऱ्याला महाग पडतं.

उपाय सोपा आहे. नावं बदला. मॉड्युलसला लहान अक्षरांत ‘यंग’ म्हणा, मोमेंट ऑफ इनर्शियाला ‘इनर्शिया’ म्हणा. (आज्ञा आणि नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टाइप करताना रोमन अक्षरांतच करा.) मॅथेमॅटिकात एकअक्षरी कॅपिटल नावं सात राखीव आहेत: सी, डी, ई, आय, के, एन, ओ. आमच्या विषयाला ही यादी जाचक आहे. स्टिफनेसला के, ॲक्सियल फोर्सला एन, व्यासाला डी, मॉड्युलसला ई, इनर्शियाला आय. पुस्तकातली अर्धी चिन्हं यातच जातात. म्हणून मी मुलांना पहिल्या दिवशीच सांगतो की स्वतःचं कुठलंही नाव लहान अक्षराने सुरू करायचं. राखीव शब्द सगळे कॅपिटलने सुरू होतात, त्यामुळे टक्कर होतच नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोरा प्लॉट पाहून बरेच जण सूत्राभोवती ॲब्स, म्हणजे परिमाण घेणारं फंक्शन, घालतात. तसं केलं असतं तर तुमची रेषा लगेच आली असती. सुंदर, सममित, दोन्ही टोकांना शून्य, मध्ये सर्वांत जास्त. आकार अगदी डिफ्लेक्शनचा. फक्त मधली किंमत ६२,०७९ मीटर. ६ मीटरचा बीम ६२ किलोमीटर वाकला असं ते चित्र सांगतं, आणि अक्षावरचे आकडे कुणी वाचले नाहीत तर ते रिपोर्टात छापलं जातं. असा रिपोर्ट मी व्हायव्हाच्या टेबलावर हातात घेतलेला आहे. कोऱ्या प्लॉटने तुम्हाला थांबवलं, हे चांगलं झालं. रेषा दिसावी म्हणून ॲब्स किंवा वास्तव भाग घेणारं आरई कधीही घालू नका. संख्या काल्पनिक का झाली हे कळलं, आणि तरीही परिमाणच हवं असलं, तर घाला.

आता दुसरा कोरा प्लॉट, एनडीसॉल्व्हचा. इथे चुका एकावर एक बसल्या आहेत, म्हणून जरा सावकाश जातो.

पहिला थर तोच, समीकरणातही ई आणि आय आहेत. नावं बदलली की तो जाईल. पण नावं बदलूनही हा प्लॉट कोराच राहील, कारण तुम्ही बाउंडरी कंडिशन (टोकाला डिफ्लेक्शन वाय शून्य, ही अट) आधी एका बरोबरच्या चिन्हाने लिहिली होती आणि नंतर दुरुस्त केली. मॅथेमॅटिकात एक ‘बरोबर’ म्हणजे किंमत देणं, दोन ‘बरोबर’ म्हणजे समीकरण. वाय ऑफ शून्य एक ‘बरोबर’ शून्य असं एकदा चालवलंत की ती किंमत कर्नलच्या, म्हणजे मॅथेमॅटिकाच्या मागे गणित करणाऱ्या भागाच्या, स्मरणात बसली. पुढे तुम्ही चूक ओळखून दोन ‘बरोबर’ लिहिलेत. स्क्रीनवर कोड आता निर्दोष दिसतो. पण कर्नल डावीकडचा वाय ऑफ शून्य वाचतो, स्मरणातली किंमत शून्य घालतो, आणि समीकरण उरतं ‘शून्य बरोबर शून्य’, म्हणजे नुसतं ट्रू. एनडीसॉल्व्ह मग तक्रार करतो की समीकरणाच्या जागी ट्रू आलं आहे, आणि काहीही न सोडवता तसाच परत येतो. ‘मी चूक दुरुस्त केली, तरी तेच’ असं तुम्ही लिहिलं आहे, ते यामुळे. तुमचं खोटं नव्हतं. तुम्ही दुरुस्त केलेला कोड आणि कर्नलच्या डोक्यातली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या.

यावर क्लिअर ही आज्ञा चालते, वायची किंमत पुसली जाते. पण कँटिलीव्हर (एकाच टोकाला घट्ट धरलेला बीम) घेतलात तर ती पुरेशी नाही. तिथे स्लोपची, म्हणजे उताराची, कंडिशन येते, वाय प्राइम ऑफ शून्य. ती चुकून एका ‘बरोबर’ने लिहिली गेली तर किंमत वायच्या नावावर साठत नाही, डेरिव्हेटिव्ह नावाच्या सिस्टिमच्या चिन्हावर साठते. तुम्ही वाय पुसला, तुमची सगळी चिन्हं क्लिअरऑलने पुसली, तरी ती तिथेच राहते. मला हे पहिल्यांदा समजायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती. तेव्हापासून संशय आला की मी पुसापुशी करत नाही. क्विट म्हणून कर्नल बंद करतो आणि नोटबुक वरपासून पुन्हा चालवतो. त्याला दहा सेकंद लागतात. नोटबुक वरून खाली एका दमात चालत नसेल, तर तुमच्यासमोर दिसणारा कोड आणि तुम्हाला मिळालेलं उत्तर यांचा एकमेकांशी संबंध आहे, असं मानायला काही आधार उरत नाही. पायथनसाठी ज्युपिटर नोटबुक वापरणाऱ्यांनाही हे शब्दशः लागू आहे.

कर्नल नवा केला, समीकरण सुटलं. तरी प्लॉट कोरा राहू शकतो, कारण एनडीसॉल्व्ह उत्तर म्हणून फंक्शन देत नाही. तो एक नियम देतो, ‘वायच्या जागी हे इंटरपोलेटिंग फंक्शन घाला’ असा, आणि तोही दुहेरी यादीत गुंडाळलेला. नुसतं वाय ऑफ एक्स प्लॉट केलं तर वाय अजून कोराच आहे, त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. तिरपी रेघ आणि टिंब या चिन्हाने तो नियम लावावा लागतो, मग वायला किंमत येते. इथे एक बारीक गोष्ट. एनडीसॉल्व्हला उत्तर ‘वाय’साठी मागा, ‘वाय ऑफ एक्स’साठी मागू नका. वाय ऑफ एक्ससाठी मागितलं तर नियम फक्त त्या अक्षरशः रूपाला लागू होतो. डिफ्लेक्शन दिसेल, पण स्लोपसाठी वाय प्राइम मागाल तेव्हा नियम त्याला ओळखणार नाही आणि पुन्हा कोरं पान. वायसाठी मागितलं तर वाय, वाय प्राइम, वाय ऑफ ३, सगळं चालतं.

तुमचा पुढचा प्रश्न स्लोप आणि बेंडिंग मोमेंटचा असणार हे उघड आहे, म्हणून तेही आत्ताच सांगतो. सूत्राचं डेरिव्हेटिव्ह घेणारी डी ही आज्ञा थेट प्लॉटच्या आत लिहिली तर कोरा प्लॉट येतो, सोबत ‘अमुक आकडा हे योग्य चल नाही’ अशा अर्थाचे संदेश. कारण प्लॉट आपल्या आतला मजकूर आधी सोडवत नाही. आधी एक्सच्या जागी आकडा घालतो, मग सोडवतो. म्हणजे डी ला ‘या सूत्राचं एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह’ असं ऐकू जातच नाही, ‘या आकड्याचं ०.०००१च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह’ असं जातं. त्याला अर्थ नाही. डेरिव्हेटिव्ह बाहेर काढून वेगळ्या नावात ठेवा, किंवा प्लॉटच्या आत त्याला इव्हॅल्युएटमध्ये गुंडाळा. मी पहिला मार्ग सुचवेन, कारण मग त्या नावालाही मिडस्पॅनचा आकडा विचारता येतो: स्लोप शून्य यायला हवा, मोमेंट डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ, म्हणजे ४५,००० न्यूटन-मीटर.

आणि हे ४५,००० आलं की आणखी एक सापळा. डिफ्लेक्शन आणि मोमेंट एकाच प्लॉटवर काढायचा मोह होतो. एकाची कमाल किंमत ०.००९८, दुसऱ्याची ४५,०००. उभा अक्ष ४५,०००पर्यंत जातो आणि डिफ्लेक्शनची रेषा एक्स अक्षावर चिकटून झोपते. मुलगा म्हणतो, ‘सर, दुसरी रेषा आलीच नाही.’ आलेली असते. हा दुसऱ्याच जातीचा कोरेपणा आहे, आणि त्याचं औषध वेगळं: रेषा काढली गेली आहे पण दिसत नाही. डिफ्लेक्शन मिलिमीटरमध्ये आणि मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये काढा, ९.८ आणि ४५ एका कागदावर नीट दिसतात. नाहीतर दोन वेगळे प्लॉट काढून एकाखाली एक लावा. शिअर, मोमेंट, डिफ्लेक्शनच्या आकृत्या ड्रॉइंगमध्ये आपण तशाच काढतो, ती पद्धत इथेही उत्तम.

या दोन जाती ओळखायच्या कशा, हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. मॅथेमॅटिकात प्लॉटला एक नाव द्या आणि केसेस या आज्ञेने त्याच्या पोटातल्या ‘लाइन’ वस्तू शोधायला सांगा, शोध सगळ्या पातळ्यांवर, म्हणजे इन्फिनिटीपर्यंत. रिकामी यादी आली तर रेषा काढलीच गेली नाही. दोष किमतीत आहे, प्लॉटचे पर्याय बदलण्यात वेळ घालवू नका. यादीत बिंदू आले तर किमती ठीक आहेत, रेषा कुठेतरी आहे. ती अक्षावर झोपली आहे, प्लॉटरेंजच्या बाहेर आहे, किंवा पांढऱ्यावर पांढरी आहे. तेव्हा प्लॉटरेंज ऑल करून बघा.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक जागा मला खटकली. सूत्रात तुम्ही डब्ल्यू आणि एक्स एकमेकांना चिकटवून लिहिले आहेत. वहीत ते गुणाकार असतात. मॅथेमॅटिकात ते ‘डब्ल्यूएक्स’ नावाचं एक नवं चिन्ह होतं, ज्याला कुठलीच किंमत नाही. मी चालवताना तिथे जागा सोडली, म्हणून ६२०७९चा आकडा तरी आला. तुमच्याकडे मिडस्पॅनची किंमत विचाराल तेव्हा उत्तरात ‘डब्ल्यूएक्स’ हे नाव तसंच लटकलेलं दिसेल. गुणाकाराला मध्ये जागा सोडा किंवा तारा लावा. तसंच फंक्शनचे कंस: साइन एक्स लिहिताना चौकटी कंस लागतात. गोल कंस दिले तर ‘साइन गुणिले एक्स’ असा अर्थ होतो, आणि साइन कॅपिटलने सुरू व्हायला हवा. या सगळ्या चुका पकडायला संपादक स्वतः मदत करतो. ज्या नावाला किंमत नाही ते निळं दिसतं, किंमत मिळाली की काळं होतं. सूत्रावर नजर टाका. एक्स सोडून काहीही निळं असेल तर प्लॉट काढू नका.

जुन्या पुस्तकातून कोड उतरवत असाल तर अर्धविरामाकडेही बघा. सहाव्या आवृत्तीच्या आधी प्लॉट काढला की चित्र आपोआप समोर यायचं, शेवटी अर्धविराम असला तरी. सहाव्यापासून चित्र हेच आज्ञेचं उत्तर झालं, त्यामुळे अर्धविराम दिला की चित्र दिसत नाही. आणि डू किंवा फॉर लूपच्या आत काढलेला प्लॉटही दिसत नाही, कारण लूप आपलं उत्तर परत देत नाही. तिथे प्रिंट घाला किंवा लूप सोडून टेबल वापरा.

कोरेपणाचा एक प्रकार मला वेगळा सांगायचा आहे, कारण त्यात चूक नसते. डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा विरोध) असलेल्या सिस्टिमची फ्रीक्वेन्सी काढताना मूळ फ्रीक्वेन्सीला एक वजा झीटा वर्गाच्या वर्गमुळाने गुणतो; झीटा म्हणजे डॅम्पिंगचं प्रमाण. झीटाला शून्यापासून दोनपर्यंत घेऊन प्लॉट काढा, रेषा एकपाशी खाली येऊन संपते, पुढचा अर्धा भाग कोरा. मी विद्यार्थी असताना हे ‘दुरुस्त’ करायला आरई घातलं होतं. रेषा पुढे शून्यावरून सरळ गेली, मला बरं वाटलं, आणि मी तो प्लॉट गाईडना दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘झीटा एकच्या पुढे गेला की सिस्टिम हेलकावे घेते का?’ घेत नाही. ओव्हरडॅम्प्ड सिस्टिम हेलकावा न घेता जागेवर परत येते, तिला फ्रीक्वेन्सीच नसते. प्लॉटचा कोरा अर्धा भाग बरोबर तेच सांगत होता आणि मी त्यावर रेघ ओढली होती. म्हणून अर्धवट कोरा प्लॉट आला की आधी विचारा, या भागात या राशीला अर्थ आहे का.

अर्थ असूनही भाग कोरा येतो, असंही होतं. घनमूळ हे ठरलेलं उदाहरण. एक्सचा एक तृतीयांश घात शून्याच्या डावीकडे दिसत नाही, कारण मॅथेमॅटिका ऋण संख्येच्या तीन घनमुळांतलं मुख्य मूळ घेतं आणि त्याला काल्पनिक भाग असतो. उणे ८चं उणे २ हवं असेल तर क्यूबरूट किंवा सर्ड वापरा. आणि घन समीकरणाची तीन वास्तव मुळं सूत्राने काढलीत तर मधल्या पायऱ्या काल्पनिक संख्यांतून जातात. दशांशातल्या गोळाबेरजेमुळे शेवटी काल्पनिक भागाचा एक नगण्य कण उरतो, दहा लाखाव्या भागाच्याही कितीतरी पट लहान. प्लॉटच्या दृष्टीने ती संख्या वास्तव राहत नाही. तिथे चॉप घाला, ते असे कण झाडून टाकतं. ॲब्स आणि चॉप यांत फरक हाच की चॉप मोठी काल्पनिक संख्या लपवत नाही. ६२०७९ आय त्याने तसाच ठेवला असता.

तुम्ही विचारलंत की मॅथेमॅटिका सोडून दुसरं काही घ्यावं का. घ्यायला हरकत नाही, पण कोरे प्लॉट सगळीकडे आहेत, फक्त कारणं बदलतात. तुमचंच सूत्र मॅटलॅबमध्ये काल्पनिक झालं असतं तर त्याने काल्पनिक भाग दुर्लक्षित केल्याची सूचना देऊन शून्यावरून सरळ रेषा काढली असती. मॅटलॅबचं खास उदाहरण म्हणजे साइन एक्स भागिले एक्स. एक्स ही आकड्यांची ओळ असताना भागाकाराच्या आधी टिंब दिलं नाही, तर तो मॅट्रिक्सचा भागाकार समजतो आणि एकच आकडा परत देतो, एररशिवाय. मग दोनशे एक्स आणि एक वाय असा प्लॉट होतो, सुटे बिंदू पडतात, बिंदूंना मार्कर दिलेला नसतो, म्हणून काहीच दिसत नाही. लूपमध्ये एकेक बिंदू प्लॉट करणाऱ्यांचंही असंच होतं. तिथे साइज विचारा: वायची लांबी एक्सइतकी आहे का?

पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब वापरणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार अशी, की स्क्रीनवर प्लॉट दिसतो पण जतन केलेली फाइल कोरी. शो आधी आणि सेव्हफिग नंतर लिहिलेलं असतं. शोची खिडकी बंद झाली की ती आकृती संपते आणि सेव्हफिग एक नवी, रिकामी आकृती जतन करतं. क्रम उलटा करा. नमपायमध्ये ऋण संख्येचा अपूर्णांकी घात नॅन (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) देतो, सोबत एक वॉर्निंग. नॅन बिंदू काढले जात नाहीत. सिम्पायमध्ये मात्र तुमचा जुना मित्र भेटेल, तिथेही ई आणि आय राखीव अर्थाचे आहेत, शिवाय एन, ओ, एस, क्यू. फरक एवढाच की पायथन तुम्हाला ते बदलू देतो.

नूप्लॉटमध्ये आमचं पाच भागिले तीनशे चौऱ्याऐंशी जसंच्या तसं लिहून बघा. उत्तर शून्य. दोन पूर्णांकांचा भागाकार तिथे पूर्णांकच असतो. रेषा एक्स अक्षावर झोपते आणि प्लॉट कोरा वाटतो. ५.० लिहिलं की सुटतं. सायलॅब या बाबतीत मला सर्वांत सुरक्षित वाटतं, कारण तिथे काल्पनिक एकक आणि २.७१८ यांच्या नावांआधी टक्क्याचं चिन्ह असतं, त्यामुळे ई आणि आय तुमच्यासाठी मोकळे राहतात. सायलॅब मोफतही आहे. आय.आय.टी. मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचा बराच प्रसार केला आहे, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. इंग्रजी धड्यांनी दडपण येत असेल तर तिथून सुरुवात करा.

आता तुमच्या नोटबुककडे. क्विट करा. ई आणि आयची नावं बदला, डब्ल्यू आणि एक्समध्ये जागा सोडा, बाउंडरी कंडिशनमध्ये दोन ‘बरोबर’ तपासा, एनडीसॉल्व्हला वायसाठी उत्तर मागा. मग आधी सूत्राची मिडस्पॅनची किंमत आणि नंतर एनडीसॉल्व्हच्या उत्तराची मिडस्पॅनची किंमत एकाखाली एक छापा. दोन्ही ०.००९८११ आल्या तर प्लॉट काढा. एनडीसॉल्व्हची उणे आली तर घाबरू नका. तुम्ही मोमेंटचं चिन्ह कसं धरलंत आणि वाय वर धन मानला की खाली, यावर ते अवलंबून आहे. प्लॉट तरीही कोरा राहिला, तर नवा कर्नल सुरू केल्यापासूनचा पूर्ण मजकूर, आलेली प्रत्येक लाल ओळ, तुमची आवृत्ती आणि ते दोन आकडे पाठवा. त्यावरून पुढचं बघू.